राजाच्या नावानं मांडलेला संसार

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरायला काढला होता. वसईतलं आमचं जुनं कौलारू घर पाडून तिथे इमारत उभी राहायची, हे नक्की झालं होतं. त्यामुळे यंदाचं आवरणं म्हणजे नुसती झाडलोट नव्हती, घराचा निरोपच होता. माळ्यावरून एकेक वस्तू खाली यायला लागली. काळं पडलेलं घंगाळ, बूड गेलेला बंब, लाकडी काठवट, एक कान तुटलेली कढई, पितळी डबे. अंगणात भंगारवाला काटा मांडून बसलाच होता. तांबं वेगळं, पितळ वेगळं, लोखंड वेगळं.

त्या ढिगातून माझ्या लेकीनं एक पितळी वस्तू उचलली. मुठीत मावेल एवढी. खालून खरखरीत, वर मोराच्या आकाराची मूठ, आणि हलवली की आत काहीतरी खुळखुळायचं. तिला वाटलं, बाळाचा खुळखुळा असणार. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, ही वज्री. न्हाताना टाचा घासायची. त्यांच्या सासूबाईंनी लग्नात माहेरून आणलेली. काट्यावर तिचं वजन पावशेरसुद्धा भरलं नसतं. भंगारवाल्यानं ती पितळेच्या ढिगात टाकायला हात पुढे केला, तशी सासूबाईंनी ती पटकन पदराआड घेतली. बाकीच्या ढिगाकडे मात्र त्यांनी पाहिलंही नाही.

मैत्रिणींनो, त्या वज्रीनं मला एका माणसाची आठवण करून दिली. अशा वज्री, असे अडकित्ते, असे दिवे शोधत या माणसानं अख्खं आयुष्य काढलं. दुसऱ्यांच्या माळ्यावरून खाली आलेलं, बाजारात पोत्यावर मांडलेलं, कुणाच्या लेखी अडगळ झालेलं, असं सगळं त्यांनी घरी आणलं. त्यांचं नाव दिनकर गंगाधर केळकर. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ, शुक्रवार पेठेत त्यांचं संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीला तुमच्यापैकी कित्येकजणी तिथे जाऊनही आल्या असतील.

त्या संग्रहालयाची पाटी आठवते का? राजा दिनकर केळकर संग्रहालय. लहानपणी मला वाटायचं, केळकर नावाचा कुणी संस्थानिक असणार, त्याच्या वाड्यातल्या या वस्तू. पुष्कळांना अजूनही तसंच वाटतं. पण तो राजा म्हणजे सिंहासनावरचा राजा नव्हे. राजा हे दिनकररावांच्या एकुलत्या एका मुलाचं नाव. तो लहानपणीच गेला. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटावर नाव लिहितात ना, आधी मुलाचं, मग वडिलांचं, मग आडनाव, तसंच हे नाव आहे. राजा दिनकर केळकर. शाळेच्या दाखल्यावर जे नाव वाढत्या वर्गांबरोबर पुढे जायचं, ते एका इमारतीच्या दारावर लागलं आणि तिथेच राहिलं. हे कळल्यावर त्या पाटीकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

दिनकररावांचा जन्म 1896 सालचा. व्यवसाय चष्म्याचा. पुण्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. घर त्यावर चालायचं. पण मन रमायचं ते कवितेत आणि इतिहासात. अज्ञातवासी या टोपणनावानं ते कविता लिहायचे आणि त्या काळच्या मराठी वाचकाला हे नाव चांगलं ओळखीचं होतं. मुळात कवी, त्यातून इतिहासाचं वेड. अशा माणसाला जुनी वस्तू दिसली की तिच्यामागचा माणूस दिसणारच. साधारण 1920 च्या सुमाराला त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. तेव्हा ते चोवीस-पंचविशीतले होते. पुढची जवळजवळ सत्तर वर्षं, म्हणजे 1990 मध्ये डोळे मिटेपर्यंत, हे वेड त्यांच्यासोबत राहिलं.

तो काळच तसा होता. जुन्या सरदार घराण्यांची ऐपत उतरणीला लागलेली. मोठाले वाडे सांभाळणं कुणाला परवडेनासं झालेलं. वाटण्या व्हायच्या, वाडे विकले जायचे, दारं-खिडक्या, खांब, तुळया लाकडाच्या भावानं जायच्या. पुण्यात 1961 साली पानशेतचं धरण फुटलं, तेव्हाच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले किती तरी जुने वाडे पडले. घराघरात पितळ-तांबं जाऊन स्टील येत होतं. कल्हईची कटकट नको, चिंचेनं घासत बसायला नको, म्हणून बायकांनी मोठ्या आनंदानं ते घेतलं. त्यात चूक काय होतं? रोज पहाटे राखेनं भांडी घासून ज्यांचे हात फाटायचे, त्यांना स्टील म्हणजे सुटकाच होती. बोहारीण दाराशी आली की जरीचं लुगडं देऊन दोन डबे घ्यायचे, हे माझ्या आईनंही केलंय. जुनं जपायला फुरसत लागते आणि जागाही लागते. आपल्या आयांजवळ दोन्ही नव्हतं.

पण एकीकडे हे सगळं घरातून बाहेर पडत असताना दुसरीकडे कुणीतरी ते वेचत होतं, एवढंच सांगायचंय.

केळकर संपन्न घरातले संग्राहक नव्हते. दलाल पाठवून, लिलावात बोली लावून वस्तू घेण्याचा तो प्रकार नव्हता. दुकानाच्या मिळकतीतून पदरमोड करून त्यांनी हे जमवलं. महाराष्ट्रभर फिरलेच, शिवाय गुजरात, राजस्थान आणि थेट दक्षिणेपर्यंतच्या वस्तू त्यांच्या संग्रहात आल्या. 1960 पर्यंत हा आकडा पंधरा हजारांच्या आसपास गेला होता आणि पुढे तो वीस हजारांवर पोचला. वीस हजार हो! आपल्या फ्लॅटमध्ये दोन जास्तीच्या खुर्च्या आल्या तर कुठे ठेवायच्या म्हणून आपण वैतागतो.

इथे कमलाबाईंची आठवण काढायलाच हवी. दिनकररावांच्या पत्नी. नवऱ्याच्या कामाला त्यांची मनापासून साथ होती, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. साथ हा शब्द आपण किती सहज वापरतो. पण ज्या बाईनं घर चालवलंय, तिला त्यातला अर्थ बरोबर कळेल. येणारा पैसा ठरलेला आणि त्यातून वस्तू येत राहतात. एक दिवा येतो, मग चार येतात, मग दरवाजा येतो. त्यावरची धूळ झटकायची आहे, जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवायची आहे. आणि हे सगळं, ज्या घरातून आपलं लेकरू गेलंय, त्या घरात. कमलाबाईंच्या मनात काय होतं, हे आपण सांगू शकत नाही आणि त्यांच्या वतीनं बोलूही नये. पण ज्या संग्रहाला राजाचं नाव लागलं, तो जितका वडिलांचा, तितकाच आईचाही होता, असं मला तिथे गेलं की वाटतं.

आता त्या संग्रहात असतं काय, ते बघू. संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलवारी, नाणी आणि मूर्ती येतात. इथे त्याही आहेत. पण या संग्रहालयाचा खरा जीव आहे तो घरातल्या वस्तूंमध्ये. मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या, रोजच्या वापरातल्या. स्वयंपाकघरातली भांडी, किसण्या-खोवण्या, शेवेचे सोरे. तेला-अत्तराच्या कुप्या, फण्या, कुंकवाचे करंडे. दौती, कुलपं, हुक्के, सोंगट्या. वाद्यांचं तर वेगळं दालनच आहे. कोरीव दारं आहेत. आणि वज्री आहेत, नाना आकारांच्या. टाच घासायची ती वस्तू, न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडून राहणारी. तिला मोर कशाला, हत्ती कशाला, घोडा कशाला? पण कुणा कासाराला ते करावंसं वाटलं आणि कुणा बाईला तीच वज्री घ्यावीशी वाटली. रोजच्या कष्टाच्या न्हाणीत तेवढीच एक मौज.

अडकित्त्यांचंही तसंच. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात. पण इथले अडकित्ते बघा. कुठे पोपट, कुठे घोडा, कुठे एकमेकांकडे बघणारं जोडपं. आपल्या वसई पट्ट्यात पानवेलींचे मळे होते, इथलं विड्याचं पान दूरदूर जायचं आणि सुपारीच्या बागा तर अंगणात. त्यामुळे पानाचं तबक, चुनाळं आणि अडकित्ता आपल्या घरोघरी होते. जेवणानंतर आजी-आजोबा ओटीवर बसून सुपारी कातरायचे, त्या कटकट आवाजावर आम्ही झोपी जायचो. तो अडकित्ता कुठे गेला, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्यांत जास्त जीव लावून त्यांनी जमवले असतील तर ते दिवे. समया, निरांजनं, लामणदिवे, हत्तीवरचे, पक्ष्याच्या आकाराचे, साखळीला टांगायचे. वीज आली आणि दिव्यांची गरज संपली. देवापुरते दोन राहिले, बाकीचे मोडीत निघाले. नेमक्या त्याच वेळी केळकरांनी ते गोळा केले. भारतातल्या दिव्यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1961 मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं काढलं. चष्म्याच्या दुकानदारानं, कुठल्याही विद्यापीठात न शिकवता, नुसतं बघून-बघून एवढी जाण मिळवली होती.

आणि आता आपल्या वसईचा धागा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला, हे आपल्याकडे पोरंसोरंही सांगतील. इथल्या चर्चमधल्या मोठाल्या घंटा त्या वेळी मराठ्यांनी नेल्या आणि त्या देवळांत बांधल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच. तिच्यावर 1721 हे साल आहे. म्हणजे वसईची वस्तू गोदावरीच्या काठी जाऊन बसली आणि तिथलीच झाली.

याच चिमाजी अप्पांचे थोरले भाऊ पहिले बाजीराव. त्यांनी मस्तानीसाठी पुण्याजवळ कोथरूडला महाल बांधला होता. घरच्यांना, पुण्याच्या समाजाला ती कधी मानवली नाही. बाजीराव 1740 मध्ये गेले आणि पाठोपाठ तीही गेली. पुढे त्या महालाचीही पडझड झाली. त्याचे जे अवशेष उरले होते ते केळकरांनी मिळवले आणि आपल्या संग्रहालयात त्यांतून मस्तानी महालाचं दालन उभं केलं. ज्या बाईला जिवंतपणी पुण्यात मानाची जागा मिळाली नाही, तिच्या घराचे तुकडे एका चष्मेवाल्यानं पुण्याच्या मधोमध, तेही बाजीरावांच्याच नावाच्या रस्त्यापाशी, आणून जोडले. इतिहासातल्या मोठ्या माणसांना मस्तानीसाठी जे जमलं नाही, ते थोडंसं का होईना, या माणसानं केलं.

1962 मध्ये या संग्रहाचं रीतसर संग्रहालय झालं. राजाचं नाव दारावर लागलं. पुढे 1975 मध्ये दिनकररावांनी आपला सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे सोपवला. पन्नासएक वर्षं एकेक करून जमवलेलं. विकायचं म्हटलं असतं तर पिढ्यान्‌पिढ्या पुरलं असतं. पण ते विकायला जमवलेलंच नव्हतं. पद्मश्री, विद्यापीठाची डॉक्टरेट असे मान त्यांना मिळाले. 1990 मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या मागे लेकीच्या घरच्यांनी हा वसा पुढे चालवला. वीस हजारांपैकी अडीच हजारांच्या आसपासच वस्तू मांडायला जागा आहे. बाकीच्या आत आहेत, आपली पाळी यायची वाट बघत.

आता एक गोष्ट मनात सलते, तीही सांगते. संग्रहालयात वस्तूशेजारी चिठ्ठी असते. वस्तूचं नाव, गाव किंवा प्रांत, शतक. पण ज्या बाईनं ती वापरली तिचं नाव बहुतेक कधीच नसतं. घडवणाऱ्या कासाराचं किंवा सुताराचंही नसतं. यात संग्रहालयाचा दोष नाही. वस्तू बाजारात यायच्या आधीच तिची गोष्ट गळून पडलेली असते. घरातून निघताना तिच्याबरोबर कुणी सांगितलंच नाही की ही अमकीची, ती तमक्या गावची, बाळंतपणाला माहेरी आली होती तेव्हा तिला आईनं दिली. केळकरांनी वस्तू वाचवल्या. नावं वाचवणं त्यांच्या हातात नव्हतं. ते आपल्या हातात आहे.

जुन्या बाजारात फिरण्याची मजा काही औरच असते. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. मुंबईला ग्रँट रोडला उतरलं की जवळच चोर बाजारातली मटण स्ट्रीटची दुकानं. कधी जोडीदाराला, नाहीतर मैत्रिणीला घेऊन जाऊन बघाच. काही घेतलंच पाहिजे असं नाही. ग्रामोफोनच्या कर्ण्याशेजारी पुरणयंत्र, त्याच्या खाली कुणाच्या तरी लग्नातला फोटो, त्याच्या बाजूला बरणी. वस्तू हातात घ्यावी, उलटी करून बघावी. भांड्यावर ठोके देऊन नाव घातलेलं असतं, ते वाचावं. तेवढं एक नाव मात्र वाचलेलं असतं! सौ. अमुक यांस तमुक यांजकडून. क्षणभर त्या दोघी समोर उभ्या राहतात.

एक सावधगिरी मात्र हवी. नवं पितळ काळं करून जुनं म्हणून विकतात. खरी वापरातली वस्तू एकसारखी झिजत नाही. जिथे अंगठा टेकतो, जिथे हात धरतो, तिथेच ती गुळगुळीत होते. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, मूर्ती वगैरे देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. परदेशी असलेल्या लेकी-सुनांना घरातली जुनी मूर्ती किंवा पोथी सोबत द्यायचा विचार असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

आणि बाजारात जायच्याही आधी आपला माळा बघा. आज वसई, नालासोपारा, विरारमध्ये जुनी घरं भराभर उतरताहेत. सगळं ठेवा असं मी म्हणणार नाही. दोन खोल्यांच्या घरात घंगाळ कुठे ठेवणार? पण काट्यावर टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसवा. एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या. काय म्हणायचे हिला, कुणाची, कुठून आली, कशासाठी वापरायचे, हे विचारा आणि वहीत लिहून काढा. फोनवर एक फोटो घ्या. मग वस्तू गेली तरी तिची गोष्ट घरात राहील. आणि एखादी, अगदी मुठीत मावणारी, ठेवून घ्या.

आमच्या अंगणातला तो ढीग त्या दिवशी गेला. पैसेही बरे आले. तेव्हा मला हे सुचलं नव्हतं, घंगाळ कुणाचं होतं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा सासूबाईंना नीटसं आठवेना. समोर वस्तू असती तर आठवलं असतं, असं त्याच म्हणाल्या.

वज्री मात्र आहे. लेकीनं ती चिंच लावून लख्ख घासली. तिच्याखाली एक कागद ठेवलाय, त्यावर तिनं आपल्या पणजीचं नाव लिहिलंय. आधी माहेरचं, मग सासरचं. सासूबाईंना विचारून, नीट पूर्ण.